सुमनची शनिवारची बैठक

यातली काही नावं मी बदलली आहेत, हे आधीच सांगते. पुढे एक धर्मशाळा येईल, ती खरं तर धर्मशाळा नव्हती. मग काय होती, ते कुणी विचारू नये. का सांगत नाही, ते वाचताना कळेल.

सुमन वैशंपायन माझ्याकडे भाडेकरू म्हणून आली ती २००४ च्या पावसाळ्यात. पावसाळा म्हणायचं इतकंच. जयपूरमध्ये त्या वर्षी आभाळ यायचं आणि नुसतं बघून जायचं. आमच्या ह्यांना विम्याच्या नोकरीत शेवटची बदली जयपूरची मिळाली आणि निवृत्तीनंतर बापूनगरमध्ये आम्ही घर बांधलं. ते गेल्यावर निनाद, माझा मुलगा, वैशाली नगरच्या त्याच्या फ्लॅटवर चल म्हणून मागे लागला होता. मी गेले नाही. वरच्या दोन खोल्या भाड्याने द्यायच्या आणि मराठी माणूसच ठेवायचं, असं ठरवलं. इथल्या मराठी मंडळाच्या गणपतीत कुणीतरी सुमनचं नाव सांगितलं.

ती पन्नाशीची, उंच, जराशी वाकून चालणारी. केंद्र सरकारच्या एका आरोग्य संस्थेचं इथे प्रादेशिक कार्यालय होतं, तिथे ती अधिकारी होती. नवरा जयंत नाशिकला बँकेत. मुलगी लग्न होऊन बंगलोरला. सुमनची बदली तीन वर्षांनी परत महाराष्ट्रात व्हायची होती. निदान तिला तसं सांगितलं होतं.

मला शाळेपासून रोज डायरी लिहायची सवय. नागपूरच्या कॉन्व्हेंटमध्ये आमच्या सिस्टर रोजची पाच वाक्यं तपासायच्या आणि ‘आज मजा आली’ असं लिहिलं तर लाल रेघ मारायच्या. काय झालं ते लिहा, म्हणायच्या. सुमन राहायला होती त्या वर्षांच्या डायऱ्या आता उघडल्या, तर तिच्याबद्दलची नोंद बहुतेक एकच दिसते. थकून आली. चहा दिला. सिस्टरांनी त्यालाही लाल रेघ मारली असती.

संध्याकाळी फाटक वाजायचं. ती जिन्याच्या पहिल्या पायरीवर बसायची, सँडलचे पट्टे सोडायची, आणि वर जायच्या आधी थोडा वेळ तशीच बसून राहायची. मी चहा तिथेच नेऊन द्यायचे. तिची नोकरी मला कळली ती त्या पायरीवरच.

ती आली आणि वर्षभरात दिल्लीहून फर्मान निघालं, की प्रत्येक कार्यालयात ‘नॉलेज मॅनेजमेंट सेल’ काढायचा. माणसं निवृत्त होतात, बदलून जातात आणि त्यांना जे माहीत असतं ते त्यांच्याबरोबर जातं. ते जाऊ द्यायचं नाही, साठवायचं, वाटायचं. कल्पना चांगली होती, हे सुमन शेवटपर्यंत म्हणायची. सेलची प्रमुख म्हणून तिला नेमलं. सेलमध्ये ती, एक संगणक आणि दारावर एक पाटी. शिपायापासून सगळे तिला ‘ज्ञान मैडम’ म्हणायला लागले. वैशंपायन कुणाच्या जिभेवर बसत नव्हतं, त्यामुळे त्यांची सोयही झाली.

जयंतचा फोन यायचा तो खाली माझ्याकडे, कारण वर मोबाइलला रेंज नसायची. फोन मी उचलला तर तो आधी मला विचारायचा, “काय काकू, आमच्या ज्ञानेश्वरी बाईंनी आज किती पोती भरली?”

सुमन म्हणायची, “सांगा त्याला, एक पोतं भरलं, पण तळाला भोक आहे.”

पहिलं वर्ष खरंच तसं गेलं. ‘यशोगाथा पाठवा’ असं परिपत्रक तिने साऱ्या प्राथमिक आरोग्य केंद्रांना पाठवलं. यशोगाथा आल्या. सगळ्या एकच होत्या. लसीकरणाचं प्रमाण वाढलं, जनतेचा सहभाग लाभला, वरिष्ठांचं मार्गदर्शन मिळालं. फोटो तेवढे वेगळे. एकदा तर फोटोही तोच आला, दोन तालुक्यांतून.

“काकू, यातलं कुणी काही शिकलंय असं वाटतं का तुम्हाला?” ती म्हणाली. “आणि मी हे दिल्लीला पाठवणार. दिल्ली ते छापणार. मग ते परत याच लोकांकडे येणार, वाचायला.”

मग एकदा ती जयपूरबाहेर बस्सीच्या बाजूला कुठल्यातरी केंद्रावर तपासणीला गेली होती. तपासणीत सगळं ठीक होतं. जीप यायला वेळ होता म्हणून बाहेर चहाच्या टपरीवर नर्सबाईंबरोबर बसली. तिथे त्या बायका आपसात बोलायला लागल्या. कुणाच्या हातून काय सुटलं, कुठलं मशीन फसवतं, कुठल्या महिन्यात बर्फ पुरत नाही. ती ऐकत राहिली. घरी आली तेव्हाही थकलेलीच होती, पण चहा हातात तसाच धरून बोलत होती.

“ज्ञान तिथे आहे काकू, टपरीवर. आम्ही ते कागदावर मागतो आणि कागद बघितला की माणूस यशोगाथाच लिहितो.”

त्यातून तिची शनिवारची बैठक सुरू झाली. महिन्यातून एक शनिवार, दुपारी, कार्यालयाच्या छोट्या हॉलमध्ये. बस्सीकडच्या, आमेरकडच्या, आणखी इकडतिकडच्या केंद्रांतून नर्स, कंपाउंडर यायचे. कागदावर त्याला ‘शीतसाखळी प्रशिक्षण’, म्हणजे लसी थंड कशा ठेवायच्या त्याचं, असं नाव होतं, कारण प्रशिक्षण असल्याशिवाय कुणाला केंद्र सोडता येत नव्हतं. त्यामुळे हजेरीपटावर सह्या व्हायच्या. पण त्यानंतर पेनं बंद. कुणी काही टिपून घ्यायचं नाही. ज्याला बोलायचं असेल त्याने एकाच वाक्याने सुरुवात करायची, “एक जगह की बात है.” एका ठिकाणची गोष्ट आहे. गावाचं नाव नाही, माणसाचं नाव नाही. गोष्ट स्वतःचीच असली तरी ‘तिथे एक नर्स होती’ असं म्हणायचं. आणि ऐकणाऱ्याने ‘कोण’ असं विचारायचं नाही. ‘मग पुढे काय केलं’ एवढंच विचारायचं.

सुमनने सगळ्यांना शब्द दिला होता, की इथलं नाव या दाराबाहेर जाणार नाही.

पहिल्या दोन बैठकांत कुणी तोंड उघडलं नाही. समोसे खाल्ले आणि गेले. तिसऱ्या वेळेला एका म्हाताऱ्या दाईची गोष्ट आली आणि मग ओघ लागला. ऐकलेल्यातलं कामाचं असेल ते सुमन दर महिन्याला चार पानी पत्रकात लिहायची, साध्या हिंदीत. पत्रक सगळ्या केंद्रांना जायचं. यशोगाथा कुणी वाचत नव्हतं. हे पत्रक मात्र कुठे कुठे भिंतीवर चिकटवलेलं तिला दिसलं. त्या दिवशीची माझी नोंद आहे, सुमन हसत आली. चहा दोनदा घेतला.

आता संतोषबद्दल. इकडे संतोष हे बायकांचं नावही असतं. आपल्याकडे ऐकणाऱ्याला आधी पुरुषच डोळ्यासमोर येतो. ही संतोष तिशीची नर्स, कंत्राटावर नेमलेली. दर मार्चमध्ये कंत्राट पुन्हा व्हायचं, नाही झालं तर घरी. नवरा ट्रकवर, मुलं लहान. तिच्या केंद्रातले रामजीलाल कंपाउंडर तिच्याबरोबर बैठकीला यायचे. ते कायम नोकरीतले, निवृत्तीला टेकलेले, डोक्याला मफलर गुंडाळून बसणारे.

२००६ च्या ऑक्टोबरच्या बैठकीत संतोषने गोष्ट सांगितली. एका ठिकाणची. तिथे एक नर्स होती. गोवरच्या लसीची पूड असते, ती सोबत आलेल्या पाण्यात मिसळून मुलांना टोचतात. ते पाणी काचेच्या लहान कुपीत येतं. बाळंतिणीचा रक्तस्राव थांबवायचं औषध असतं, तेही अगदी तशाच कुपीत, आणि तेही थंडच ठेवावं लागतं. एरवी दोन्ही वेगळ्या कप्प्यांत असतात. पण त्या केंद्राच्या वायरिंगला आग लागली, म्हणून घाईघाईने फ्रिज हातगाडीवर घालून समोरच्या धर्मशाळेत हलवला. हलवताना आतलं सगळं एकाच डब्यात भरलं गेलं आणि तसंच राहिलं. लसीच्या दिवशी नर्सने डब्यात हात घातला, कुपी काढली, मान मोडली, सिरिंजमध्ये औषध ओढलं. समोर आया पोरांना घेऊन रांगेत बसलेल्या. सिरिंज लसीच्या बाटलीत घालायच्या आधी, केवळ सवय म्हणून, तिने फुटलेल्या कुपीवरचं नाव वाचलं. ते पाणी नव्हतं.

“मग पुढे काय केलं?” कुणीतरी विचारलं.

“पुढे काय? ती म्हणाली, मला चक्कर येतेय, थोडं थांबा. मग धर्मशाळेच्या मागे जाऊन उलटी केली. तोंड धुतलं, बरोबर कुपी शोधली आणि लसी दिल्या.” संतोष म्हणाली. कुणाला काही झालं नव्हतं. पण त्या रांगेतली मुलं तिला रोज दिसायची, असं तिने नंतर सुमनला सांगितलं.

सुमनने ही गोष्ट नोव्हेंबरच्या पत्रकात लिहिली. त्या रात्री वर दिवा बराच वेळ जळत होता आणि दुसऱ्या दिवशी ती पायरीवर बसून मला म्हणाली, “काकू, एक अडचण आहे. नाव नाही घातलं, गाव नाही घातलं. पण धर्मशाळा घालू की नको?”

“का गं? काय बिघडतं?”

“फ्रिज धर्मशाळेत असलेलं केंद्र साऱ्या जिल्ह्यात एकच असेल.”

“मग काढून टाक.”

“काढून बघितलं. मग उरतं काय, तर ‘कुपीवरचं नाव वाचावं, काळजी घ्यावी.’ हे तर सगळ्यांना माहीतच आहे. चूक काळजी न घेतल्यामुळे नव्हती झाली, काकू. फ्रिज हलवला म्हणून झाली. हलवताना डबे एक झाले म्हणून झाली. उद्या आणखी कुणी फ्रिज हलवेल तेव्हा त्याला हेच आठवायला पाहिजे.”

मग तिने ‘धर्मशाळा’ काढून ‘दुसरी इमारत’ असं लिहिलं. मग ‘दुसरी इमारत’ खोडून पुन्हा ‘धर्मशाळा’ लिहिलं. म्हणाली, “दुसरी इमारत वाचून डोळ्यांसमोर काही येतच नाही हो.” वाचणारे सगळे आपलेच आहेत, असं तिला वाटलं. पत्रक केंद्रांसाठी होतं.

पण प्रत्येक पत्रकाची एक प्रत दिल्लीला जायची, नियमाप्रमाणे. आजवर तिथे ते कुणी उघडल्याचं ऐकिवात नव्हतं. हे उघडलं.

पत्रक गेल्यावर पंधरवड्यात सगळ्या केंद्रांनी दोन वेगळे डबे केले, रंगीत चिकटपट्ट्या लावून. एका केंद्राने कळवलं, की आमच्याकडेही दोन्ही एकत्रच होतं, कधीपासून कुणास ठाऊक. सुमनच्या दृष्टीने काम झालं होतं. त्याच सुमाराला जयंतचा फोन आला. नाशिकला एक जागा रिकामी होतेय, तुझ्या डायरेक्टरांनी शिफारस केली की झालं. दिवाळीतच तिने पुस्तकं आणि जाडजूड भांडी दोन खोक्यांत भरून सुतळीने बांधून ठेवली होती. खोकी जिन्याच्या वळणावर होती. झाडताना मी ती सरकवायचे आणि सुमन म्हणायची, “थोडे दिवस, काकू. मार्चमध्ये जातील.”

डिसेंबरात दिल्लीहून विचारणा आली. पत्रकात गंभीर हलगर्जीपणा नमूद आहे. दोषी कर्मचाऱ्यावर काय कारवाई केली? सोबत तक्ता होता. त्यात शेवटचा रकाना, ‘केलेली कार्यवाही’.

डायरेक्टर माथुरसाहेब वाईट माणूस नव्हते. सुमनच तसं म्हणायची. मधुमेह होता त्यांना, मुलीचं लग्न ठरायचं होतं, आणि दिल्लीच्या कागदाला ते घाबरायचे. धर्मशाळा कुठली ते त्यांना एका फोनवर कळलं. हजेरीपट काढला. त्या केंद्राच्या दोन सह्या होत्या, संतोष आणि रामजीलाल. दोघांपैकी कोण, एवढंच राहिलं होतं. दोघांना बोलावून विचारलं. संतोष काही बोललीच नाही. रामजीलालनी मफलर सोडून पुन्हा गुंडाळला आणि म्हणाले, “साहेब, मला ऐकायला कमी येतं. तिथे कोण काय बोलतं, मला काय माहीत? मी समोशासाठी जातो.”

मग साहेबांनी सुमनला बोलावलं. ते बोलणं तिने मला जसंच्या तसं सांगितलं होतं.

“सुमनजी, कॉलम खाली नहीं जा सकता.” रकाना रिकामा पाठवता येणार नाही, म्हणजे.

“सर, मी भरते ना.” तिने तिथल्या तिथे भरला. ‘सर्व केंद्रांत दोन्ही कुप्या वेगळ्या डब्यांत ठेवल्या.’

साहेबांनी चष्मा काढला. “ये तो सुधार हुआ. कार्यवाही किस पर हुई?”

“कार्यवाही डब्यावर झाली, सर.”

“आप भी ना.” ते हसले, असं ती म्हणाली. मग हसणं थांबलं. “हे बघा. एक ओळ लिहून द्या, त्या दोघांपैकी कोण बोललं. फार काही होणार नाही. संतोष असेल तर कंत्राट पुढे जाणार नाही, एवढंच. कंत्राटवाल्याला काढलं असं कुणी म्हणतही नाही, मुदत संपली म्हणतात. तुमची नाशिकची फाइल माझ्या टेबलावर आहे. मी काय लिहून पाठवू, की ज्या अधिकाऱ्याने चौकशीत मदत केली नाही तिला पाहिजे ती जागा द्या? हा सेल तरी मी कशाच्या जोरावर चालू ठेवू?”

सुमन परत आली तेव्हा थंडी पडली होती. मी तिला आत बोलावलं, पण ती पायरीवरच बसली, शाल लपेटून. सँडलचे पट्टे सोडले. मग म्हणाली, “धर्मशाळा मी लिहिली. संतोषने नाही.”

मी एवढंच म्हटलं, की जयंतला विचार.

तिने विचारलं. फोन माझ्याच बैठकीच्या खोलीत होता, त्यामुळे तिची बाजू मला ऐकू आली. “हो... नाही रे, लिहून द्यायचंय फक्त... एक ओळ... हो, तिचं नाव.” मग तिकडून जयंत बराच वेळ बोलत होता. ती ‘हं, हं’ करत होती. शेवटी म्हणाली, “तू जेवलास का?” आणि फोन ठेवला. जयंत काय म्हणाला ते मी विचारलं नाही. मला वाटतं, तो ‘ये घरी’ असंच म्हणाला असेल. त्याला तरी दोष कसा द्यायचा? एकटा डबा खात होता अडीच वर्षं.

संक्रांतीच्या आधी एका सकाळी संतोष स्वतःच घरी आली. जयपूरभर पतंगांचा गोंधळ सुरू झाला होता, आमच्या अंगणात दोन मांजे अडकलेले. ती बसने आली होती, हातात गजकचा, म्हणजे इकडच्या तीळगुळाच्या वड्यांचा, पुडा. मला ‘माताजी’ म्हणून पाया पडली आणि वर गेली. थोड्या वेळाने दोघी खाली आल्या. संतोष रडलेली दिसत होती, सुमन नुसतीच दमलेली.

“माताजी, तुम्ही सांगा ना मैडमला,” संतोष मला म्हणाली. “मी म्हणतेय लिहा माझं नाव. माझ्यामुळे यांचं घरी जाणं अडलंय. मी शिवणकाम करीन, काही करीन.”

“शिवणकाम येतं का तुला?” सुमनने विचारलं.

“...नाही.”

“मग?”

“शिकीन.”

“ऐक,” सुमन म्हणाली. “तुझं नाव लिहिलं की तुझी नोकरी जाईल, ते आहेच. पण त्याच्यापुढे काय होईल ते सांगते. पुढच्या वेळी कुणी कुपीवरचं नाव वाचून थबकेल, बरोबर कुपी घेईल आणि कुणाला काही सांगणार नाही. डबा तसाच राहील. मग एखाद दिवशी कुणीतरी न वाचताच टोचेल.” आणि मग, “शिवाय मी शब्द दिलाय. एवढंच आहे ते, बाकी मी उगाच लांबण लावतेय.”

संतोषने डोळे पुसले. जाताना म्हणाली, “पण आता बैठकीला कोण येईल, मैडम? सगळे घाबरलेत.”

हे खरं होतं. सुमनने ओळ लिहून दिली नाही. साहेबांनी हॉल देणं बंद केलं, रंगकाम काढलंय असं सांगून. रंगकाम काही दिसलं नाही. तेव्हा सुमनने मला संकोचत विचारलं, “काकू, संक्रांतीनंतरचा शनिवार तुमच्या बैठकीच्या खोलीत...?” मी हो म्हटलं. मी पोहे केले, मोठं पातेलं भरून, आणि तिळाच्या वड्या. सतरंजी घातली. माझ्या मनात वीस-पंचवीस माणसं होती.

चारजण आले. संतोष, रामजीलाल, आमेरच्या बाजूची एक वयस्क नर्स, आणि तिच्याबरोबरची एक तरुण. कुणाला प्रशिक्षणाचं पत्र नव्हतं, सगळे सुट्टी टाकून आले होते. हजेरीपट नव्हताच. पोहे खाऊन झाले. रामजीलाल म्हणाले, “माताजी, यात शेव घातली असती तर बढिया लागलं असतं.” मी शेव आणली. तीही खाऊन झाली. बाहेर पोरं पतंग कापून ‘वो काटा’ म्हणून ओरडत होती. आत प्रत्येकजण आपल्या बशीकडे बघत होता. आमेरच्या नर्सने घड्याळ पाहिलं, बस किती वाजता आहे ते शेजारणीला विचारलं. सुमन भिंतीला टेकून बसली होती, डोळे मिटून. मला वाटलं, झोप लागली तिला.

डोळे न उघडताच ती म्हणाली, “एक जगह की बात है.”

सगळ्यांनी मान वर केली.

“तिथे एक मैडम होती. तिचं काम होतं लोकांच्या चुका ऐकायच्या आणि बाकीच्यांना कामाचं तेवढं सांगायचं. नाव बाहेर जाणार नाही असं ती सगळ्यांना सांगायची. एक गोष्ट ऐकली तिने. लिहायला बसली. नाव काढलं, गाव काढलं. एक शब्द असा राहिला, की त्याच्यावरून कुणीही घर ओळखेल. मैडमला ते दिसत होतं. खोडला. मग परत लिहिला. तिला वाटलं त्याच्याशिवाय गोष्ट मेलेली आहे.”

मी स्वयंपाकघराच्या दारात उभी होते, हातात शेवेचा डबा.

“ज्या बाईने विश्वासाने सांगितलं होतं, ती अडकली,” सुमन म्हणाली. आता तिने डोळे उघडले होते, पण संतोषकडे बघत नव्हती. “एक शब्द.”

आमेरची नर्स हळूच म्हणाली, “मग पुढे काय केलं?”

“पुढे काय करायला पाहिजे होतं, तेच तिला कळत नाहीये. म्हणून सांगतेय.”

तेव्हा ते बोलायला लागले. आधी अडखळत. संतोष म्हणाली, की लिहून झालं की छापायच्या आधी ज्याची गोष्ट त्यालाच वाचून दाखवायला पाहिजे होती. तीच म्हणाली असती, धर्मशाळेऐवजी शाळा लिहा. फ्रिज हलवला हे तर राहिलंच असतं की! तरुण नर्स म्हणाली, गोष्ट दोन-चार महिने ठेवून मग छापायची, तोवर लोक विसरतात. रामजीलाल म्हणाले, “आणि एका केंद्राचे तीन-चार लोक बोलवा. दोघंच असले तर साहेबाला सोपं पडतं. चौघं असतील तर साहेब थकून जाईल.” त्यावर संतोष पहिल्यांदा हसली. “दादा, तुम्ही तर बहिरे ना?” “मी साहेबापुरता बहिरा आहे,” ते म्हणाले. मग मफलर सारखा करून, खाकरून, त्यांनी सुरू केलं, “एक जगह की बात है. तिथे एक कंपाउंडर होता. ऑक्सिजनच्या सिलिंडरची चावी त्याने खिशात ठेवली आणि भाच्याच्या लग्नाला गेला...”

उन्हं कलली तरी ते बोलत होते. शेवटी आमेरवाल्यांची बस चुकली. मी निनादला फोन करून बोलावलं आणि त्याने गाडीने त्यांना पुढच्या बससाठी स्टँडवर सोडलं.

सगळे गेल्यावर सुमन दिवाणावर आडवी झाली, सँडलसकट. मी पाय खेचून पट्टे काढले, अंगावर रजई घातली. मी बशा गोळा करत होते तेव्हा तिने विचारलं, “काकू, आजचं डायरीत लिहाल?”

“लिहीन ना. पोहे कमी पडले नाहीत, शेव संपली.”

“बरं,” ती म्हणाली, आणि झोपली. मी तेवढंच लिहिलं. ते पान अजून तसंच आहे.

मार्चमध्ये सेल बंद झाला. ‘समीक्षेअंती’ असा शब्द होता आदेशात. पाटी काढली, संगणक लेखा विभागात गेला, सुमनला सांख्यिकीच्या टेबलावर बसवलं. रकाना शेवटी तिने लिहिलं तसाच दिल्लीला गेला, डब्यांवर कार्यवाही झाली म्हणून. तिकडून पुन्हा काही आलं नाही. बहुतेक कुणी वाचलंच नसेल. कुणाचं नाव नव्हतं म्हणून संतोषचं कंत्राट नेहमीसारखं झालं. नाशिकची जागा लखनौच्या कुणाला मिळाली.

शनिवारची बैठक माझ्याकडे पुढे कधी व्हायची, कधी नाही. दोन-तीन माणसं यायची. पत्रक निघत नव्हतं. ऐकलेलं प्रत्येकजण आपापल्या केंद्रावर घेऊन जायचा. यात किती ज्ञान साठलं आणि किती सांडलं, ते मला सांगता येणार नाही. सुमनलाही आलं नसतं.

त्या मार्चमध्येच नाशिकची जागा गेल्याचं कळलं, त्या संध्याकाळी जयंतचा फोन आला. मी तिला हाक मारून रिसीव्हर दिला. तिकडचं मला या वेळी स्पष्ट ऐकू आलं, कारण तो मोठ्याने विचारत होता. “मग या मार्चमध्ये येतेस ना?”

“नाही रे,” ती म्हणाली. “या वर्षी नाही.”

दोघं तसेच फोन धरून होते. मग तिने ठेवला, जिन्याकडे गेली आणि वळणावरून परत आली.

“काकू, सुरी देता का जरा? खोक्याची सुतळी कापायचीय. कुकर आत आहे.”

मी सुरी दिली.